अंगणातील खटला

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. पुण्यास शिकत असलेला आमचा नातू सुट्टीसाठी कोल्हारला आला, तो मित्राकडून मागून आणलेले एक लहानसे प्रक्षेपण यंत्र घेऊनच. संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याने अंगणातील भिंतीला पांढरी चादर बांधली आणि आसपासच्या घरी सिनेमा दाखविण्याची वर्दी दिली. कोल्हार हे प्रवरेच्या काठचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. भगवतीदेवीच्या यात्रेला येणाऱ्यांना आणि शिर्डीला जाणाऱ्यांना ते ठाऊक असते. एवढ्या रहदारीच्या गावात आता सिनेमाचे अप्रूप कोणालाच उरलेले नाही. तरीही अंगणात बसून सर्वांनी मिळून पाहण्याची मौज निराळी, म्हणून वीस-पंचवीस माणसे जमली. सतरंज्या अंथरल्या गेल्या, मुले पुढे बसली आणि आम्हांस आमची नेहमीची आरामखुर्ची मिळाली.

चित्रपट होता ‘बामाको’. आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात माली नावाचा देश आहे, नायजर नदीच्या काठचे बामाको हे त्याच्या राजधानीचे शहर. मॉरिटानियात जन्मलेल्या आणि मालीत वाढलेल्या अब्देररहमान सिसाको या दिग्दर्शकाने २००६ साली हा चित्रपट केला. संवाद फ्रेंच आणि बांबारा भाषेत, खाली ओळी इंग्रजीत. तेव्हा त्या वाचून मराठीत मोठ्याने सांगण्याचे काम आमच्याकडे आले. चाळीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाला असे काम कोणी सांगावे लागत नाही.

कथा म्हणाल तर एका ओळीची आहे. बामाकोतील एका साध्या घराच्या अंगणात न्यायालय बसले आहे. फिर्यादी आहे आफ्रिकेची जनता आणि आरोपी आहेत जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. काळे झगे घातलेले न्यायाधीश आणि वकील टेबलांमागे बसले आहेत, फायलींचे गठ्ठे पडले आहेत, साक्षीदार एकामागून एक येत आहेत. हे अंगण सिसाको यांच्या वडिलांच्या घराचे. चित्रपटातील वकीलही खऱ्या आयुष्यातील वकीलच आहेत. आणि या सर्व भारदस्त कारभाराच्या आजूबाजूला घर आपले चालूच आहे. बायका मोठमोठ्या पातेल्यांतून कापड रंगवून वाळत घालतात, एका खोलीत आजारी माणूस पडून आहे, मध्येच लग्नाची वरात आत शिरते आणि न्यायालयाला थांबावे लागते. त्याच घरात राहणाऱ्या शाका नावाच्या बेकार तरुणाचा आणि त्याच्या गायिका पत्नीचा संसार मोडत चालला आहे. पण त्याविषयी तो न्यायालयात चकार शब्द काढीत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात आमच्या अंगणातील निम्मी मंडळी उठून गेली. “गुरुजी, यात नुसते बोलतातच की,” असे एकाने जाता जाता ऐकविले. गंमत अशी की, पडद्यावरही तेच घडत होते. अंगणाबाहेर बसलेल्यांसाठी कर्णा लावलेला असतो, आणि या खटल्याचा कंटाळा आला म्हणून तेथील माणसे तो बंद करून टाकतात. ज्यांच्यासाठी खटला चालला आहे त्यांनाच तो ऐकवत नाही, ही गोष्ट दिग्दर्शकाने लपविलेली नाही, याचे आम्हांस कौतुक वाटले.

जे बसून राहिले त्यांना साक्षी ऐकावयास मिळाल्या. मालीच्या माजी सांस्कृतिक मंत्री अमिनाता त्राओरे आपली साक्ष देताना म्हणतात की, आफ्रिका दारिद्र्याची नव्हे, आपल्या संपत्तीची बळी आहे. कर्जाच्या अटींपायी रेल्वे खासगी हातांत कशी गेली आणि त्यामुळे लहान स्थानकांवरच्या गावांचे काय झाले, हे एक साक्षीदार सांगतो. पोटासाठी देश सोडून निघालेला आणि वाळवंटात सोबती गमावून परतलेला तरुण आपली हकिगत सांगतो. बचाव पक्षाचे वकीलही गप्प बसत नाहीत. कर्ज घेणारे राज्यकर्ते कोण होते, पैसा कोणाच्या खिशात गेला, असे ते विचारतात. तो प्रश्न खोटा नाही. सहकारी संस्थांच्या थकबाकीदारांच्या याद्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्या आम्हां नगर जिल्ह्याच्या रहिवाशांना तो समजावून सांगावा लागत नाही.

परंतु आमच्या मनात रुतून बसले ते दोन साक्षीदार निराळेच. पहिला एक वृद्ध शेतकरी. चित्रपटाच्या आरंभीच तो पुढे येऊन बोलू लागतो, तेव्हा त्याला सांगण्यात येते की, अद्याप तुमची पाळी नाही. तो मुकाट्याने जाऊन बसतो. दुसरा एक शिक्षक. त्याची पाळी येते, तो नाव सांगतो, उभा राहतो, सर्वांकडे पाहतो आणि एक अक्षरही न बोलता निघून जातो. खटला संपत आल्यावर तो वृद्ध शेतकरी पुन्हा उठतो, आणि या वेळी कोणाची परवानगी न मागता गाऊ लागतो. ते गाणे म्हणावे, आक्रोश म्हणावा की फिर्याद म्हणावी, सांगता येत नाही. आवाज चढतो, फाटतो, पुन्हा चढतो. आम्ही भाषांतरासाठी पडद्याच्या तळाकडे पाहिले, तर तेथे ओळी नव्हत्या. दिग्दर्शकाने त्या शब्दांचा अर्थ मुद्दामच दिलेला नाही. आमची वाणी थांबली. अंगणात कोणी हालले नाही. तेव्हा शेजारच्या आजी, ज्यांना इंग्रजीचा वा फ्रेंचचा गंध नाही, हळूच म्हणाल्या, “गुरुजी, हे नका सांगू. हे कळतंय.”

आमच्या खेड्यांत माणूस गेल्यावर बायका हेल काढून रडतात. त्या रडण्यात गेलेल्या माणसाचा सारा हिशेब असतो. त्याने काय सोसले, कोणी त्याला फसविले, कोणाचे देणे राहिले, हे सर्व त्यात येते. आजींना त्या रडण्याची ओळख पटली होती. आम्हांला मात्र निराळीच ओळख पटली होती, आणि ती सुखाची नव्हती. ती सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल, कारण अंगणातील हा खटला आमच्या प्रांतास नवा नाही.

१८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारांशी जमले. त्यांनी धान्य लुटले, परंतु त्यांचा खरा रोख कागदांवर होता. कर्जरोखे, खाती, हुकूमनामे बाहेर काढून त्यांनी जाळले. हे लोण लवकरच आमच्या नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या भागांत पोचले. इतिहासाने या उठावाला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव दिले. त्याच्या मुळाशी जावे तर वाट थेट अमेरिकेत पोचते. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध चालू असल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना. भारतातील कापसाचे भाव कडाडले, शेतकऱ्याची पत वाढली, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने सारा वाढविला, आणि कर्ज तेवढे जागच्या जागी राहिले. ज्या देशाचे नावही पारनेरच्या कुणब्याने ऐकले नव्हते, तेथील युद्धाचे देणे त्याच्या जमिनीवर चढले. जागतिक अर्थकारण म्हणजे काय, हे आमच्या शेतकऱ्याला जागतिक बँक जन्मण्याच्या सत्तर वर्षे आधी कळले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. कर्जापायी कैद करणे त्याने बंद केले. त्यातील एक कलम आम्हांस विशेष मोलाचे वाटते. कर्जाचा दावा आला की न्यायाधीशाने नुसत्या रोख्याकडे पाहून निकाल देऊ नये. रोख्याच्या मागे जावे, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मूळ रक्कम किती आणि व्याजावर व्याज किती ते पाहावे, असे ते कलम सांगत होते. तोवर ऋणकोचा अंगठा हीच त्याची साक्ष होती. जो कागद त्याला वाचता येत नव्हता, तोच त्याच्या वतीने बोलत होता. कायद्याने प्रथमच म्हटले की, कागद बोलला तेवढे पुरे नाही, माणसालाही बोलू द्या.

या कायद्याने सावकारी संपली नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीत १९५१-५२ सालीही शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचे आढळले, आणि सहकारी संस्थांचे अवघे ३.१ टक्के. त्या पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. हेच गाडगीळ त्या वेळी आमच्या शेजारच्या लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. विठ्ठलरावांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली ती १९२३ साली, आणि कारखान्याचे चाक फिरले ते १९५० साली. एक अल्पशिक्षित शेतकरी आणि एक विद्वान अर्थशास्त्रज्ञ, अशी ही जोडी. गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा झाले. त्या कारखान्याविषयी आणि एकूण सहकाराविषयी पुढे पुष्कळ बरेवाईट बोलले गेले आणि त्यात तथ्यही आहे. पण मूळ तत्त्व विसरू नये. सहकारात भाग एक असो वा शंभर, सभासदाला मत एकच. बागायतदाराचा हात आणि दोन एकरवाल्याचा हात मोजताना सारखाच मोजला जातो.

आता याच्याशेजारी बामाकोच्या आरोपींचा कारभार ठेवून पाहावा. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांचा आराखडा ठरला तो जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स या ठिकाणी. ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले होते आणि त्यांत आपल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. ते त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. देश पारतंत्र्यात होता. तरीही भारतीय प्रतिनिधींनी असा आग्रह धरला की, मागास राष्ट्रांच्या विकासाचा उल्लेख नाणेनिधीच्या उद्दिष्टांत स्पष्टपणे यावा. तो त्यांच्या शब्दांत मान्य झाला नाही. आणि मतांचे म्हणाल, तर तेथे ज्याचा वाटा मोठा त्याचे मत मोठे. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात, आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. म्हणजे एकाने मान हलविली की सर्वांचा होकार अडतो. लोणीच्या शेतकऱ्याने आपल्या कारखान्यात जे मान्य केले नसते, ते मालीसारख्या देशाला दरवाजात पाऊल ठेवतानाच मान्य करावे लागते.

आपल्याला हे दूरचे वाटू नये. १९९१ साली परदेशी चलनाची गंगाजळी आटल्यावर आपल्या देशाने जुलै महिन्यात सुमारे ४७ टन सोने विमानाने परदेशी धाडून तारण ठेवले आणि नाणेनिधीकडे हात पसरला. त्या दिवसांत वर्तमानपत्र वाचताना गावातील एका गृहस्थांचे डोळे भरून आले होते. घरातील बाईच्या गळ्यातील सोने मोडून वा गहाण टाकून बी-बियाणे आणणाऱ्यांच्या गावात या बातमीचा अर्थ कोणालाही समजावून द्यावा लागला नाही. आपला देश त्या खड्ड्यातून सावरला. मालीसारखे देश मात्र आपल्या वाट्याला आलेल्या अटींखाली वर्षानुवर्षे राहिले. १९९४ साली त्यांच्या चलनाचे मूल्य एका फटक्यात निम्मे करण्यात आले, तेव्हा दुकानात औषध वा तेल आणावयास गेलेल्या माणसाला त्याचा अर्थ असाच उमगला असेल.

वाचक म्हणतील, सिनेमातील न्यायालय म्हणजे कल्पनेचा खेळ. जागतिक बँकेला खरोखर कोण अंगणात खेचणार? तर तसे काहीसे आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. धरण गुजरातेत, पण बुडणारी ३३ गावे आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. ती तेव्हा धुळे जिल्ह्यात होती, आता नंदुरबार जिल्ह्यात आहेत. मणिबेली हे त्यांतले पहिले. तेथील आदिवासींनी आणि नर्मदा बचाव आंदोलनाने एवढा आवाज उठविला की, १९९१ साली बँकेला आपल्याच प्रकल्पाची तपासणी करण्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स आणि त्यांच्या जोडीला कॅनडातील माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. ही माणसे दिल्लीच्या कचेरीत बसून राहिली नाहीत. ती खोऱ्यातील गावांत गेली, दुभाषे घेऊन लोकांचे म्हणणे ऐकले. १९९२ च्या जूनमध्ये त्यांनी अहवाल दिला की, आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे सरून फेरविचार करावा. मार्च १९९३ अखेर उरलेले कर्ज न घेण्याचे भारत सरकारने जाहीर केले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कायमचे तपासणी मंडळ स्थापन केले.

धरण थांबले नाही. २०१७ साली ते पूर्ण होऊन त्याचे लोकार्पणही झाले. मणिबेलीचे जे जावयाचे ते गेले. तेव्हा ऐकून घेण्याने काय साधले, असा प्रश्न कोणी विचारल्यास आमच्यापाशी तयार उत्तर नाही. एवढे मात्र खरे की, त्यानंतर जगातील कोणत्याही कोपऱ्यातील माणसाला त्या बँकेच्या दारात तक्रार घेऊन उभे राहण्याची एक पायरी मिळाली, आणि त्या पायरीचे दगड अक्कलकुव्याच्या डोंगरातूनही गेले आहेत.

‘बामाको’तही निकाल लागत नाही. फिर्यादीचे वकील शिक्षा सुचवितात, तीही तुरुंगाची नव्हे. या संस्थांनी जन्मभर समाजाची सेवा करावी, असे ते मागतात. निकाल देण्याऐवजी चित्रपट शाकाकडे वळतो. ज्याच्या अंगणात सर्व जगाचा न्याय चालला होता, तो तरुण स्वतःवर गोळी झाडून घेतो आणि शेवटची दृश्ये त्याच्या अंत्ययात्रेची आहेत. सगळ्यांना बोलण्याची संधी देणाऱ्या त्या अंगणात त्याला मात्र कोणी काही विचारले नव्हते.

आम्ही ख्रिस्ती माणसे. ऋण हा शब्द आमच्या रोजच्या प्रार्थनेत दडलेला आहे. आपण ‘अपराध’ म्हणतो, पण मत्तयच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्द ‘ऋणे’ असाच आहे. लेवीय पुस्तकात दर पन्नासाव्या वर्षी योबेल साजरे करून विकली गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत द्यावयाची आज्ञा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ सालच्या आपल्या पत्रात २००० सालचे महायोबेल हे गरीब राष्ट्रांचे कर्ज कमी करण्याचे निमित्त व्हावे असे सुचविले, आणि देशोदेशींच्या सामान्य श्रद्धावंतांनी ती मागणी उचलून धरली. मालीला कर्जातून काही सवलती मिळाल्या त्या त्याच सुमारास. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या पवित्र वर्षाची घोषणा करताना हीच मागणी पुन्हा केली. या गोष्टी आम्ही अभिमानाने सांगत आलो. मतमाउलीच्या यात्रेला हरेगावी गेलो असता तेथे जमलेल्या तरुणांनाही सांगितल्या. परंतु शुभवर्तमानातील तो दुसरा दाखलाही आम्हांस पाठ होता. धन्याने मोठे ऋण सोडलेला चाकर बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा गळा धरतो, तो दाखला. त्यातील चाकर आपण असू, असे मात्र कधी मनात आले नाही.

आता ती ओळख सांगावयास हवी. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही एका लहानशा बचत मंडळाचे चिटणीस होतो. चांगल्या हेतूने काढलेले मंडळ. शंभर-दोनशे रुपयांपासून बचत, गरजवंताला कर्ज, दोन जामीन. एका म्हाताऱ्या सभासदाने संकरित गाईसाठी पाच हजार रुपये उचलले होते. गाय मेली. हप्ते थकले. एके दिवशी ते मंडळाच्या सभेत आले आणि दारातूनच सांगू लागले. गाय कोठून आणली, तिला काय झाले, विहिरीचे पाणी कधी आटले, असे अगदी पहिल्यापासून. आम्ही इतिवृत्ताच्या वहीतून मान वर न करता म्हणालो, “बाबा, अजून तुमचा विषय आला नाही. पाळी आली की बोला, आणि मुद्द्याचं बोला.” ते भिंतीशी जाऊन बसले. तासाभराने त्यांचे नाव पुकारले. ते उठून उभे राहिले, आमच्याकडे पाहिले, हात जोडले आणि निघून गेले. वहीत आम्ही लिहिले, ‘सभासदास काही सांगावयाचे नाही. जामीनदारास नोटीस द्यावी.’

आठ-दहा दिवसांत त्यांनी सारे पैसे आणून भरले. त्या वर्षी आमच्या मंडळाची वसुली शंभर टक्के झाली. वार्षिक सभेत चिटणीस म्हणून आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल अजून घरातील पेटीत आहे.

चित्रपट पाहिल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. ते गृहस्थ जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या पत्नी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. दृष्टी गेलेली, पण आवाज ओळखला. “गुरुजी का? या.” आम्ही कशासाठी आलो ते सांगितले. त्या दिवशी बाबांना काय सांगावयाचे होते, ते ऐकावयास आलो आहोत, असे म्हटले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कुठून सांगू?”

“पहिल्यापासून सांगा, आजी.”

त्यांनी सांगितले. गाय शेजारच्या गावातून हाताने ओढीत आणली होती. पहिल्या वेताला आठ लिटर दूध द्यायची. पावसाळ्यात पोट फुगून रात्रीतून गेली. हे सर्व त्यांना सांगावयाचे होते, पण कर्ज माफ करा म्हणून नव्हे. आम्ही एवढी वर्षे तसेच धरून चाललो होतो. बाबांचा जामीनदार म्हणजे त्यांचा शेजारी. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते, पंधरा दिवसांवर आले होते. त्या घरी नोटीस गेली तर पाहुण्यांत बोभाटा होईल, म्हणून लग्न उरकेपर्यंत नोटीस धाडू नका, एवढीच विनंती घेऊन ते आले होते. आम्ही नोटीस धाडली. म्हणून त्यांनी चार गाभण शेळ्या बाजार नसतानाही निम्म्या किमतीत दिल्या. उरलेले पैसे व्याजाने काढले आणि नोटिशीची चर्चा वाढण्याआधी भरणा केला. लग्न झाले. पण शेजाऱ्याचा राग गेला नाही. दोन्ही घरांचे येणेजाणे थांबले, ते आजतागायत थांबलेलेच आहे.

आजींनी हे सांगताना आवाज चढविला नाही. आम्हांस दोषही दिला नाही. “तुमचं तरी काय चुकलं, वहीचं काम ते,” असे म्हणून सुनेला चहा ठेवावयास सांगितला. त्या शब्दाने जे व्हावयाचे ते झाले. आम्ही चहा घेतला आणि तेथून उठून शेजारच्या घरी गेलो. जामीनदार आहेत, त्यांनी आम्हांस बसावयास सांगितले. नोटीस आमच्या हातची होती, बाबा तीच थांबविण्यासाठी आले होते आणि आम्ही त्यांना बोलू दिले नाही, एवढे त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. निघताना मात्र त्यांनी विचारले, “म्हातारी कशी आहे?” आम्ही म्हणालो, “तुम्हीच जाऊन पाहा.” ते गेले की नाही, ते अजून कळलेले नाही.

मंडळ केव्हाच बंद झाले, पण जुन्या वह्या आमच्याकडेच आहेत. ते इतिवृत्त काढून पाहिले. अक्षर आमचेच, वळणदार, शाई थोडी फिकी पडलेली. त्यात आता खाडाखोड करणे बरोबर नाही. त्या दिवशी सभासदास काही सांगावयाचे होते. ते त्या वहीत नोंदलेले नाही, म्हणून येथे नोंदवीत आहोत.